धुऱ्यावरचा मोह आणि 'फॉरेस्ट'चे आठशे अर्थ

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात जंगल लागतं. या एवढ्याशा वाक्यात 'लागणं' दोनदा आलं आणि दोन्ही वेळा निराळ्या अर्थानं आलं. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, झाडाला फळ लागतं, पोराला नाद लागतो, स्टँडवर गाडी लागते आणि घाटात एखाद्याला तीच गाडी लागते. हे अर्थ कुणी मोजत बसत नाही. इंग्रजांनी मात्र आपल्या शब्दांचे अर्थ मोजले. ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाला ४३० हून जास्त अर्थ होते. ती एकच नोंद सुमारे ६०,००० शब्दांची, म्हणजे एका बऱ्यापैकी कादंबरीएवढी. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'नं तिला मागं टाकलं. 'रन'चे अर्थ भरले ६४५, आणि ते लावता लावता पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिने गेले.

आकडा मोठाच आहे. पण 'रन'चे अर्थ ६४५ असोत की ६,०००, त्यापायी कुणाच्या बांधीत मोजणीची साखळी पडत नाही. धानोऱ्याकडे एक वेगळाच इंग्रजी शब्द रोजच्या तोंडात आहे. तो शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतो, आणि त्याच्या अर्थाची मोजदाद शब्दांत न होता हेक्टरात होते. तो शब्द म्हणजे 'फॉरेस्ट'.

शब्दकोशात त्याची नोंद लहान आहे. झाडाझुडपांनी व्यापलेला मोठा प्रदेश, एवढ्यावर ती जवळपास संपते. पण सरकारांनी, खात्यांनी आणि आंतरराष्ट्रीय करारांनी आपापल्या कामासाठी या शब्दाच्या ज्या अधिकृत व्याख्या केल्या, त्या ८०० च्या वर आहेत. गाईड लुंड या अमेरिकन वनतज्ज्ञानं वर्षानुवर्षं त्या गोळा करून ठेवल्या. मिनिटाला एक या वेगानं ८०० वाचायच्या म्हटल्या तरी तेरा तास वीस मिनिटं लागतील. आणि प्रत्येक व्याख्येचं जंगल वेगळं आहे.

किती वेगळं? जोसेफ सेक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर क्लायमेट चेंज' या शास्त्रीय नियतकालिकात त्याचा हिशेब मांडला. हवामान बदलाच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात देशांना मोकळीक आहे: जमिनीचा किती भाग झाडांच्या सावलीखाली असला म्हणजे तिला जंगल म्हणायचं, हे १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान ज्यानं त्यानं ठरवावं. संशोधकांनी उपग्रहाचा एकच नकाशा घेतला. आधी त्याला १० टक्क्यांची चाळणी लावली, मग ३० टक्क्यांची. दोन उत्तरांत फरक निघाला १ कोटी ९३ लाख चौरस किलोमीटरचा. पृथ्वीवरच्या सगळ्या जमिनीचा हा १३ टक्के भाग झाला. त्यात बासष्ट महाराष्ट्र मावतात आणि तेराशेहून जास्त गडचिरोली जिल्हे मावतात. झाड एकही तुटलं नाही, एकही लागलं नाही. फक्त एका शब्दाचा अर्थ बदलला, आणि एवढी जमीन जंगलात आली किंवा जंगलातून गेली.

हे टक्के हवेत राहू नयेत म्हणून ते धुऱ्यावर उतरवून बघू. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, दहा हजार चौरस मीटर. जुना, भरदार मोह घ्या, ज्याचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मीटर आहे. त्याची सावली जमिनीवर सुमारे ३१४ चौरस मीटर पडते, म्हणजे तीन गुंठ्यांवर थोडी. असे चार मोह एका हेक्टरात असले की १० टक्के भरले. ३० टक्क्यांसाठी दहा लागतात. चार मोह की दहा मोह, एवढाच काय तो वाद. अडीच एकरातल्या सहा झाडांचा हा वाद जगभर पसरला की बासष्ट महाराष्ट्रांएवढा होतो.

सावलीच्या टक्क्यांशिवाय आणखी दोन मापं आहेत, क्षेत्र आणि उंची. त्याच करारात कमीत कमी क्षेत्र ०.०५ हेक्टरापासून १ हेक्टरापर्यंत काहीही चालतं. ०.०५ हेक्टर म्हणजे आपले पाच गुंठे. झाडाची उंची २ मीटरपासून ५ मीटरपर्यंत चालते. जागतिक अन्न व कृषी संघटनेचं माप वेगळं: अर्धा हेक्टर, ५ मीटर उंची, १० टक्के सावली. या मापानं २०२० मध्ये जगात ४०६ कोटी हेक्टर जंगल होतं. पण त्यात रबराच्या लागवडीही येतात. सगळी झाडं तोडून मोकळी केलेली जमीनही येते, तिथं पुन्हा झाडं येऊ द्यायची असतील तर. उलट पाम तेलाच्या बागा त्यात येत नाहीत. रबर जंगल आणि पाम जंगल नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

आता आपल्याकडे या. भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी देशाचं वनाच्छादन मोजते. तिचं माप एक हेक्टर आणि १० टक्के सावली. जमीन कुणाची, झाड कुठलं, सातबाऱ्यावर काय लिहिलंय, हे ती बघत नाही. आंब्याची बागही त्यात येते, बांबूचं बेटही येतं. मोजायला उपग्रहाचं जे चित्र वापरतात, त्यातली एक चौकट साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढीच रुंद असते. म्हणजे साडेपाच गुंठे. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. तो या चौकटींनी भरायचा तर २ कोटी ६१ लाख चौकटी लागतील. त्यातल्या प्रत्येक चौकटीवर हिरवं की नाही, दाट की विरळ, याचा निवाडा होतो. तो होऊन जिल्ह्याचं वनाच्छादन सुमारे ९,९०० चौरस किलोमीटर निघतं, जिल्ह्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त. अडीच गोवे त्यात सहज बसतील.

पण हे झालं आकाशातून दिसणारं फॉरेस्ट. कागदावरचं फॉरेस्ट निराळं. २०२३ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर आहे आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन सुमारे ७ लाख ७५ हजार. आकडे जवळजवळ दिसतात, म्हणून वाटतं की एकाच गोष्टीची दोन मोजमापं असतील. तसं नाही. नोंदलेल्या जमिनीपैकी फक्त ५ लाख २० हजार चौरस किलोमीटरवर झाडांचं आच्छादन आहे. उरलेल्या अडीच लाखांहून जास्त चौरस किलोमीटरवर कागद वन म्हणतो आणि उपग्रहाला तिथं जंगल दिसत नाही. सगळा महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा आहे, त्यावरून ही जमीन केवढी ते कळेल. आणि याउलट १ लाख ९५ हजार चौरस किलोमीटर आच्छादन अशा जमिनीवर आहे, जिची वन म्हणून नोंदच नाही.

ही दोन फॉरेस्टं धानोऱ्याच्या माणसानं कधीच ओळखली आहेत. त्याच्या बोलण्यात हा शब्द कसा येतो ते ऐका. 'फॉरेस्टवाले आले.' 'ते फॉरेस्टमध्ये आहेत', म्हणजे त्या खात्यात नोकरीला आहेत. 'ही फॉरेस्टची जमीन.' 'फॉरेस्टचा नाका.' 'त्याच्यावर फॉरेस्टची केस आहे.' खातं, माणूस, हद्द, नाका, खटला, सगळं या एका शब्दात आलं. फक्त झाडं नाही आली. झाडांसाठी तो रान म्हणतो, जंगल म्हणतो. सरपणाला तो जंगलात जातो, फॉरेस्टमध्ये जात नाही.

मला याचं फार नवल वाटतं, कारण या शब्दाचा मूळ अर्थ हाच होता. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि राजाच्या शिकारीसाठी प्रदेश राखून ठेवायला सुरुवात केली. १०७९ मध्ये त्यानं राखलेल्या एका प्रदेशाला आजही 'न्यू फॉरेस्ट' म्हणतात. 'फॉरेस्ट' हा शब्द लॅटिनमधल्या 'बाहेर' या अर्थाच्या शब्दावरून आला. बाहेरची जमीन, सर्वसामान्य कायद्याच्या बाहेर, राजाच्या खास कायद्याखालची. तिथं झाड असलंच पाहिजे असं काही नव्हतं. गवताळ माळ फॉरेस्ट होता, दलदल फॉरेस्ट होती, आत वसलेली गावं आणि शेतंसुद्धा फॉरेस्टच. डार्टमूरचा उघडाबोडका पठारी भाग अजून त्या नावानं ओळखला जातो. हरीण कुणाचं, हा प्रश्न असायचा. दाट झाडी हा अर्थ नंतर चिकटला.

त्या जाचाला कंटाळून लोक आणि सरदार उठले आणि १२१७ मध्ये फॉरेस्टची सनद निघाली. डुकरं चारण्याची मुभा तिच्यात मिळाली, आणि आपल्या रानात सापडलेला मध ज्याचा त्याचा राहील असंही एक कलम तिच्यात आलं. त्यानंतर ७८९ वर्षांनी, २००६ मध्ये, आपल्या संसदेनं वनहक्क कायदा केला. गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंच्या, त्याच्या यादीतही मध आहे. इतकी शतकं आणि इतकी अंतरं ओलांडून माणसाला तोच मध पुन्हा मागावा लागला.

इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडे आणला तो कायद्यासकट. १९२७ चा भारतीय वन अधिनियम उघडून बघा. झाड म्हणजे काय, इमारती लाकूड म्हणजे काय, गुरं म्हणजे काय, वनोपज म्हणजे काय, सगळ्यांच्या व्याख्या त्यात आहेत. गुरांमध्ये हत्तीही धरलाय. पण वन म्हणजे काय, याची व्याख्या त्या कायद्यात नाही. १९८० च्या वन संवर्धन कायद्यातही ती नव्हती. जगात आठशे व्याख्या, आणि जिथं एकीची खरी गरज होती तिथं एकही नाही.

ही जागा अखेर शब्दकोशानं भरली, आणि हे मी अक्षरशः म्हणतोय. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 'फॉरेस्ट' हा शब्द त्याच्या शब्दकोशातल्या अर्थानं घ्यायचा. शिवाय सरकारी दप्तरात जी जमीन वन म्हणून नोंदली आहे, तीही मालक कोण हे न बघता वनच. या एका वाक्यानं देशभर बेसुमार तोडीला आळा बसला आणि ते भलं झालं, असंच मी म्हणेन. पुढे २०२३ मध्ये संसदेनं कायदा बदलून हा अर्थ आकसला. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन राज्यांना पुन्हा १९९६ च्याच अर्थावर आणून ठेवलं.

मात्र १९९६ च्या त्या आदेशाला बरोबर बारा दिवस झाले आणि २४ डिसेंबरला आदिवासी भागांतल्या स्वशासनाचा पेसा कायदा आला. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या धानोऱ्यासारख्या भागात गौण वनोपजावर मालकी ग्रामसभेची, असं तो म्हणतो. एकाच महिन्यात एका आदेशानं फॉरेस्टची हद्द वाढवली आणि दुसऱ्या कायद्यानं त्या हद्दीतल्या वस्तूंची मालकी गावाला दिली. धानोऱ्याचा माणूस तेव्हापासून या दोन तारखांच्या मध्ये उभा आहे.

आपल्या 'जंगल' शब्दाचीही गंमत बघण्यासारखी आहे. चरकसंहितेतला जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ काटेरी झाडांचा मुलूख. पाणथळ आणि दाट झाडीचा तो आनूप देश. त्या हिशेबानं पावसानं ओथंबलेला धानोरा जांगल ठरणारच नाही. तोच शब्द इंग्रजांनी उचलला. १७७६ मध्ये तो त्यांच्या एका कायद्याच्या पुस्तकात पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचा अर्थ आहे पाच वर्षं पडीक राहिलेली जमीन. पुढे त्यात वेली, वाघ आणि अंधार शिरला. फॉरेस्ट उघड्या माळावरून झाडीत गेलं आणि जंगलही उघड्या माळावरूनच झाडीत गेलं.

तो उघडा माळ आपल्या दप्तरात मात्र अजून शिल्लक आहे. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली कागदांत 'बडे झाड का जंगल', 'छोटे झाड का जंगल' अशा नोंदी असत, आणि 'झुडपी जंगल' अशीही. झुडपी म्हणजे खुरटी झुडपं, मुरमाड जमीन, गुरं चारायची जागा. गावाच्या निस्ताराची, सगळ्यांच्या वापराची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी १ लाख ७८ हजार हेक्टर जमीन होती. त्यातली ८६,४०९ हेक्टर वन म्हणून राखण्याच्या लायकीची नाही असं सरकारच म्हणत होतं. हे क्षेत्र बृहन्मुंबईच्या जवळपास दीडपट. त्यावर कुठं घरं उभी राहिली, कुठं शाळा, कुठं सरकारी कचेऱ्या, कुठं स्मशान. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की १९९६ च्या अर्थानुसार झुडपी जंगल हेही वनच. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वापराला मार्ग काढून दिला, नंतरच्याला कडक तपासणी लावली. कुण्या पटवाऱ्यानं कधीकाळी चराऊ माळासाठी सहज लिहिलेला 'जंगल' हा शब्द इतक्या वर्षांनी ८६,४०९ हेक्टरांवर लागू झाला. उरलेला माळ होता तसाच आहे.

शब्दाचा अर्थ बदलल्यानं गावाच्या बाजूनं काय घडू शकतं, हे बघायला धानोऱ्याच्या अगदी जवळच्या मेंढा गावात जावं लागतं. कठाणी नदीच्या बाजूचं, शंभरेक घरांचं हे गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला १,८०९.६१ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. जवळपास १८ चौरस किलोमीटर. त्यातली मोलाची वस्तू म्हणजे बांबू. आणि बांबूची गोष्ट अशी की तो गवताच्या कुळातला. गाईगुरांच्या चाऱ्याचा, भाताचा, उसाचा तो भाऊबंद. पण १९२७ च्या कायद्यानं झाडाच्या व्याख्येत बांबू घातला होता. झाड म्हटलं की तो तोडायला परवाना, न्यायला पास, आणि पास देणारं खातं. इथला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जायचा आणि गावाला मात्र टोपलीसाठी चार काठ्या आणायची चोरी. उलट वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाच्या यादीत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलं. म्हणजे मेंढ्याच्या त्याच बेटातला तोच बांबू एका कायद्यानं झाड होता आणि दुसऱ्या कायद्यानं गावाची वस्तू.

मेंढ्याचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांच्या गावानं हा मुद्दा सोडला नाही. सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल त्यांच्याबरोबर बसून कायद्याचं एकेक कलम वाचत होते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. पास देणारं खातं आता गाव झालं. १९२७ च्या कायद्यातून 'बांबू' हा शब्द निघायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. नव्वद वर्षं एक गवत झाड म्हणून नांदलं.

आता शेवटी त्या धुऱ्यावरच्या मोहाकडे परत येतो. मार्च-एप्रिलमध्ये या भागात घरंच्या घरं भल्या पहाटे उठून मोहाखाली जातात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून, जाळून जागा साफ केलेली असते. फुलं रात्रभर टपटपत पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचायची असतात. फिकट पिवळी, रसानं फुगलेली, बोटाला चिकट लागणारी. टोपली भरली की अंगणात पसरायची आणि वाळली की तांबूस करडी होतात. मोह ज्याच्या धुऱ्यावर त्याची फुलं, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. पण १९२७ चा कायदा म्हणतो की काही वस्तू वनातून आलेल्या असोत वा नसोत, त्या वनोपजच. लाकूड, कोळसा, लाख, राळ यांच्याबरोबर त्या यादीत मोहाची फुलं आहेत आणि मोहाच्या बियाही आहेत. आपल्या बांधीच्या धुऱ्यावर, आपल्या आजोबानं राखलेल्या झाडाखाली पडलेलं फूल त्या यादीनं फॉरेस्टचं केलं. झाड शेतात आहे, जमीन सातबाऱ्यावर आपली आहे आणि फूल वनाचं. आठशे व्याख्यांतली कुठलीही व्याख्या एवढ्या लहान वस्तूपर्यंत पोचत नसेल.

म्हणून धानोरा, कुरखेडा, कोरची, एटापल्ली, मूल, सिंदेवाही, जिथं कुठं हे वाचलं जात असेल, तिथल्या वाचकाला एक सांगणं आहे. तलाठ्याकडून गावाच्या निस्तार पत्रकाची आणि सामायिक जमिनींच्या सातबाऱ्याची नक्कल काढा. प्रत्येक गट नंबरापुढं नेमका कुठला शब्द लिहिलाय ते बघा: बडे झाड, छोटे झाड, झुडपी, गायरान, की नुसतं वन. जमिनीचा वापर १२ डिसेंबर १९९६ च्या आधी बदलला की नंतर, तेही टिपा. वनहक्क कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत राखीव, संरक्षित, अवर्गीकृत आणि मानीव अशी सगळी वनं येतात. गडचिरोलीत एक हजाराहून जास्त गावांनी त्याच व्याख्येच्या आधारे आपलं जंगल आपल्या नावावर करून घेतलं आहे. ती नक्कल पुढच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा, शब्दन् शब्द.